दोन चौकोन

दस्तगीरनं भिंतीवर दोन चौकोन मारून ठेवलेत,
पाटाएवढे.
खिडकीकडचा हळदीचा,
कपाटाकडचा निळा,
निळीत चिमूटभर राख पडल्यासारखा.
"वाळू देत," म्हणाला, "ओला रंग खोटं बोलतोय."
आणि चहाला गेला.

खोली आप्पांची.
मिरजेत, किल्ला भागात, दुपारी तीनपर्यंत
हिच्यात ऊन फिरकत नाही,
म्हणून मला पिवळा हवाय.
आप्पा म्हणतात, पिवळा बास झाला.
चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळद तोलली,
नखं पिवळी, रुमाल पिवळा, घामसुद्धा,
आंघोळीचं पाणी मोरीतून पिवळं जायचं.
आता झोपताना तरी नको.

मी म्हटलं, नीट बघा तरी.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून पंधरा दिवस झालेत.
डावा दिवाळीनंतर.
आप्पांनी तळहातानं उजवा झाकला.
"निळा कुठाय? हे तर शेवाळ."
मग डावा झाकला, आणि गप्प.
पुन्हा उजवा. पुन्हा डावा.
काटा थांबेपर्यंत श्वास धरायचे, तसे.

मग भिंत सोडून
स्वतःच्या बाहीकडे बघायला लागले.
"हा सदरा पांढरा आहे?"
पांढराच आहे, आप्पा.
"कधीपासून?"

शेवटची आठ-दहा वर्षं आईशी एकच भांडण:
धोतर पिवळं राहतंय, तुझा हात चालत नाही.
ती नीळ घालायची.
मग आणखी नीळ.
मनगटापर्यंत निळी झालेली आई
आणि दोरीवर धोतरं अशी की
शेजारच्या शिकलगारमावशी विचारायच्या,
"काय ओ, आभाळ वाळत घातलंय?"
आप्पांना मात्र ती पिवळीच.
तिनं कधी म्हटलं नाही, डोळे दाखवून या.
किंवा म्हटलं असेल.

दस्तगीर आला, दारात चपला झटकत.
"ठरलं?"
आप्पांनी निळ्यावर बोट टेकवलं.
ओलाच होता अजून.
बोट त्यांनी सदऱ्याला पुसलं नाही,
धरून ठेवलं नुसतं, चांगल्या डोळ्यासमोर.

"दुसरा डोळा होऊ दे," म्हणाले.
"तोवर दोन्ही राहू देत."

"अन् माझी मजुरी ओ?"

दिली.
दोन चौकोनांची.