खुरीस ते पूल

काच हवी होती, अगदी सपाट.
सगुणनं भिंतीवरून बाबांचा फोटो उतरवला,
खिळे वाकवून काच काढली
आणि बाबांना कपाटावर ठेवलं, तोंड वर करून.
काचेवर व्हॉल्व्हची पेस्ट, दोन थेंब रॉकेल,
त्यावर मोपेडचं हेड, तळहाताएवढं,
इंग्रजी आठ काढत घासायचं.
शंभर आठांत केसाएवढं उतरतं म्हणे.
मी टॉर्च धरून.

महिनाभर आमच्या हुमणाला रॉकेलचा वास.
कानशीनं पोर्ट रुंद केलं,
जेटचं भोक वाढवलं
आईच्या मशीनची सुई फिरवून फिरवून.
कायतान मेस्त गाडी ऐकून म्हणाला,
"आवाज वाडला रे, वेग न्हय."

मीटरचा काटा केव्हाच मेला होता.
म्हणून खुरसाजवळ तो दिवा लावायचा,
बोरीच्या पुलाच्या पहिल्या खांबाशी मी
घड्याळाचं बटण दाबायचं.
पहिल्या दिवशी सत्तेचाळीस सेकंद.
एवढं घासून, कोरून, उपसून
पुन्हा सत्तेचाळीस.
तो वळून आला, केसांत चिलटं,
"किती?"
त्याचं तोंड बघून मी म्हटलं,
पंचेचाळीस.

वहीत लिहिलं. मग चव्वेचाळीस.
मग त्रेचाळीस.
शिसपेन्सिलीनं मी त्याचं इंजिन ट्यून करत होते
आणि त्या आकड्यांच्या भरवशावर
त्यानं हेड आणखी केसभर उतरवलं,
बेचाळीससाठी.

पुलाच्या मधोमध पिस्टन धरला.
चाक किंचाळलं, डांबरावर काळी रेघ,
मग एकदम इतकं शांत
की खाली जुवारीतून खनिज घेऊन निघालेल्या बार्जचं
धुकधुक, धुकधुक ऐकू आलं,
कसलीच घाई नसलेलं.
"जळलं," तो म्हणाला. आणि हसला,
"पण त्रेचाळीस तर झालं!"
ढकलत आणली घरी, तो हँडलला, मी मागून.
चढावर सांगायचं होतं.
फाटकापाशीही.

आता तो वास्कोला धक्क्यावरच्या क्रेन दुरुस्त करतो.
मुलाला त्रेचाळीस सांगतो
आणि साक्षीला माझ्याकडे बघतो.
मी मान हलवते.

काच परत बसवली, तीच.
उजेड तिरपा आला की
बाबांच्या कपाळावर आठच आठ दिसतात.
आई पदरानं पुसते,
"जायना गो हें," म्हणते,
आणि पुन्हा पुसते.