अठ्ठावीस सेकंद

शनिवारची रात्र, नारीन.
बाहेर उणे एकवीस, आत शेगडीतला कोळसा संपत आलेला.
सव्वीस संगणक काळे पडदे करून बसलेत.
सोमवारी सहावीची मुलं येतील.
सर्व्हरवरची एक इमेज सगळ्यांत उतरवायची,
एवढंच काम.
एवढंच.

पहिला उठतो, नाव सांगतो,
कारखान्यात कोरलेली बारा अक्षरं.
पत्ता? शून्य, शून्य, शून्य, शून्य.
मग सगळ्या तारेभर हाक घालतो:
मी आलोय, मी कुठे राहायचं?
चार सेकंद थांबतो. आठ. सोळा.
आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत: ई-५१.
कुणीही काही देऊ केलं नाही.

वायर बदलली. तिची टोकं कापून नवी बसवली.
इस्मायिल पहारेकरी दारातून म्हणाला,
थंडीनं असेल बुरुल, हीटर आणू का?
आणा म्हटलं. संगणकाला नको, मला.

मग पत्त्यांची यादी उघडली.
दोनशे खोल्या, दोनशे भाडेकरू.
शाळा सोडून गेलेल्या पोरांचे फोन,
झीपारचा टॅबलेट, जो पुलावरून नदीत पडला,
तपासणीला आलेल्या साहेबांचा लॅपटॉप, एका दुपारपुरता.
आठ-आठ महिन्यांचे करार
तोक्तोबेक करून गेलाय,
आणि तोक्तोबेक आता रशियात ट्रक चालवतो.
एकेकाला काढलं. काढताना उगाच नावं वाचत होते.
खोल्या रिकाम्या झाल्या.
तरी ई-५१.

सव्वादोनला सर्व्हरची नोंदवही पाहिली.
तिथे नकार नव्हता.
विचारणाच नव्हती.

गुडघे टेकून स्विचसमोर बसले, हातात फोनचं घड्याळ.
दिवा नारिंगी.
नवा स्विच फार शहाणा आहे,
कुणी जोडलं गेलं की आधी नुसता ऐकतो,
मग शिकतो, तारांचा कुठे फेरा तर झाला नाही ना बघतो,
आणि तिसाव्या सेकंदाला हिरवा होतो.
संगणक अठ्ठाविसाव्याला गप्प होतो.
दोघांचंही बरोबर.

बिश्केकच्या कडेला आमच्या वस्तीत
घर होतं, अंगणात अक्रोडाचं रोप होतं,
घराला नंबर नव्हता.
शाळेत नाव घालायचं तर पत्ता हवा,
पत्त्यासाठी नोंदणीची खिडकी, ती उघडायची नऊला.
बाबांची हमालीवर जायची बस साडेआठची.
तीनदा ते गेले,
काचेवर टकटक करून निघून आले.
कुणी नाही म्हटलं नव्हतं.
नाही म्हणायला तरी कुणी समोर लागतं.
मी आठ वर्षांची होऊनही घरीच.
चौथ्यांदा शेजारची सलिमा-एजे,
जिला स्वतःचं नावही लिहिता यायचं नाही,
आमचे कागद उराशी धरून
पहाटेपासून खिडकीशी बसून राहिली.

स्विचचा पासवर्ड तोक्तोबेककडे.
निरोप पाठवला, एकच टिकली.
कोठीत खडूंच्या खोक्यामागे
जुना पाच भोकांचा डबा सापडला,
कसली सेटिंग नाही, कसली अक्कल नाही.
मधे लावून दिला.
शहाण्यानं तीस सेकंद त्याची चौकशी केली
आणि मग हिरवा झाला, हिरवाच राहिला,
मागे कुणी कितीही वेळा उठो, झोपो.

चौथ्या सेकंदाला पत्ता.

एका वेळी चारच. सात फेऱ्या.
इस्मायिलनं शेवटचा कोळसा घातला, चहा केला,
सोळा नंबरची डिस्क खराब निघाली, ती तशीच ठेवली.
टक्के चढत होते. मी भिंतीला टेकून
बहुतेक झोपलेही.

सहाला फोन थरथरला. तोक्तोबेक.
आत्ता रेंज आली, लिहून घे म्हणाला,
आणि पासवर्ड.
मग बराच वेळ तो काहीतरी टाइप करत होता.
मग थांबला.
मग आलं: पुलाशी बर्फ किती आहे?
मी बूट शोधले, बघायला निघाले.