निवडताना

घड्याळं शुक्रवारीच काढून घेतली,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली सगळ्यांची.
मोबाईलही. ऐरोलीच्या खजिनदारांनी दोनदा परत मागितला,
नाही दिला.

येऊरच्या या घराच्या फाटकावर बिबट्याची पाटी,
आणि खाली, झाडांच्या फटीतून,
घोडबंदरचे उंच मजले दिवे लावून बसलेले.
सकाळच्या उपासनेपर्यंत कोणी बोलायचं नाही.
स्वयंपाकघराला नियम लागू नाही:
उद्या बत्तीस लुथरनांचा भात,
त्यातले पाच पाळक, जास्त जेवणारे.

मी परात घेऊन बसले. स्वस्तातला तांदूळ, खडेच खडे.
अकराच्या सुमारास (अंदाजानं)
लोंढे पाळक आले, अनवाणी,
कॉलर काढलेली, गळ्यावर तिचा वळ.
पाणी प्यायले. गेले नाहीत.
समोर बसून परातीची कड आपल्याकडं ओढली.

बराच वेळ नुसते तांदूळ.
मग: "दोन वर्षं झाली, प्रमिलाबाई.
प्रार्थना म्हणतो. करत नाही."

वाशीच्या दवाखान्यात, माझ्या नवऱ्याच्या उशाशी
याच आवाजानं स्तोत्र वाचलं होतं.
मनातल्या मनात महिने मोजले.
म्हणजे तेव्हाही.
आणि तरी तो शांत गेला होता.

"दर रविवारी तुम्हांला क्षमा सांगतो," ते म्हणाले,
"मला कोण सांगणार?"

मला शास्त्र येत नाही. एवढंच म्हटलं,
तांदूळ निवडतो म्हणतात सगळे,
पण बोट तांदळावर कुठं जातं?
खड्यावर जातं.
देवानं निवडलेले म्हणजे आपण पांढरे दाणे,
असंच धरून चाललोय ना इतकी वर्षं?

"पण खडे फेकून देतात," ते म्हणाले.

ते खरं होतं. तिथं माझं बोलणं अडकलं.

दृढीकरणाच्या वर्गात माझ्या पोराला यांनीच शिकवलेलं:
क्षमेचं वचन कुणीही उच्चारावं, वचन देवाचं असतं.
हात पदराला पुसले. कोंडा गेला नाही.
तसाच त्यांच्या डोक्यावर ठेवला,
चाळीस वर्षं बाकावरून ऐकलेलं वाक्य
पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं,
मध्ये एक शब्द चुकला,
त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

शनिवारी जेवताना खजिनदारांच्या दाताखाली
कच्चकन खडा आला.
लोंढे पाळकांनी मान खाली घातली.
त्यांच्याच कडेचा असणार.