तिसऱ्या दिवशीची बशी

सेगेद. पहाटेचे चार. तळमजल्यावर
उबवणीच्या कपाटाची एकसुरी घरघर.
एमोकेला नोकरीला लागून आठवडा झालाय,
मी एकतीस वर्षांची जुनी. म्हटलं, बघ,
डोळा लाव भिंगाला. पण लांबून श्वास घे, काच धुरकटते.

परवा या बशीत जी ती आपल्याच तालात होती.
उंदराच्या पिल्लाच्या हृदयातून सुट्या केलेल्या पेशी.
कुणी मिनिटाला चाळीस, कुणी नव्वद,
एक तर नुसतेच आचके देत.
मग त्या पसरल्या, कडेला कड लागली,
आणि लागली तिथे दोघींनी मिळून भोक पाडलं.
अर्धी नळी हिची, अर्धी तिची.
क्षारांचे कण तेवढे जातील, बास.

"पण सुरुवात कोण करतं?"
सगळ्यांत उतावीळ असेल ती, असं मी आधी म्हणायचे.
खरं नाही ते.
एकटी उतावीळ पेटली तर तिची सगळी वीज
थंड शेजारणींत झिरपून जाते,
कुणालाच पुरत नाही.
बऱ्याच जणी उतावीळ लागतात, जवळजवळ बसलेल्या,
तेव्हा कुठे शेजार उंबरठा ओलांडतो.

सत्तर साली तिसा चढली, मी अकरा वर्षांची.
बांधापर्यंत माणसांची रांग, वाळूची पोती.
चालत कुणीच नव्हतं. पोतं चालत होतं,
हातोहात.
माझ्या उजवीकडे पाप्रिकाच्या गिरणीतला गाश्पार,
डावीकडे वडील.
म्हणाले, देऊन झालं की हात खाली सोड,
क्षणभर काही घेऊ नकोस.
मला वाटलं, मी लहान म्हणून.
पुढे इथे कळलं: त्या क्षणभरामुळेच
लाट मागे फिरत नाही.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात वडिलांच्या हृदयावर वण उठला.
वण म्हणजे रांगेतली अशी जागा, जिथे कुणी उभंच नाही.
लाट वळसा घालून जाते, रेंगाळत,
आणि परत येते तोवर
पहिल्याचे हात विसावून मोकळे झालेले असतात.
तो पुन्हा घेतो. देतो. पुन्हा घेतो.
पोतं गोल फिरत राहतं,
सगळे जीव तोडून राबतात,
बांधाकडे काहीच जात नाही,
पाणी चढतं.

मंगळवार होता. बसथांबा.
सगळ्यांना एकदम गप्प करणारं यंत्र
रुग्णवाहिकेत होतं,
रुग्णवाहिका पुलाच्या पलीकडे.

एमोके बराच वेळ काही बोलली नाही.
मग, भिंगावरून मान न उचलता:
"आता सगळ्या एकदम. डावीकडून लाट येते,
गव्हावरून वारा जावा तशी."
मोज, म्हटलं.
तिने घड्याळ धरून मोजलं. अठ्ठ्याहत्तर.
मी वही पुढे केली.
तिसरा दिवस. बशी सात. एकत्र.

"कोपऱ्यात एक आहे, तिची कड कुणालाच लागलेली नाही.
सावकाश चाललीय. एकटीच."
लिही, म्हटलं, तेही लिही.
दहाला पोषणद्रव बदलायचा आहे,
तेव्हा बशी हलवू नकोस.