नववी शिंक

"स्टिरॉइड?" हिंदुराव वस्तादांनी बाटली
काउंटरवर परत ठेवली.
ह्याच शब्दापायी दोन पोरं
तालमीतनं हाकललेली त्यांनी.

बाहेर उसाला तुरे, गुऱ्हाळाचा धूर.
सात, आठ...
नववी शिंक अडकली.

म्हटलं, मामा, ती सुई दंड फुगवायची.
हे फुसभर, नाकापुरतं.
मान जरा खाली. उजव्या हातानं डावी नाकपुडी,
नळी कानाच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नको.
जोरात ओढायचं नाही, वास घेतल्यागत.
रक्त दिसलं तर थांबा, डॉक्टरीणबाईंना विचारा.

"आणि गुण?"
रोज मारा, जोर मारता तसं. आठवडा जाईल.

पंधरवड्यानं आले. काही घ्यायला नाही.
"हौद्यातली माती हुंगली आज.
हळद कमी पडलीय तिच्यात."