वाजवून पाहिलेलं मडकं

शहाद्याच्या संग्रहालयात लाइट गेली की
दगाभाऊ आधी घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे,
जणू बटण मीच दाबलं.
फिरत्या पाटावर मडकं अर्ध्या फेरीत थांबलेलं,
तोंड खिडकीकडे, पाठ गोमाईकडे.

तापीकाठच्या पांढरीतून आलेलं.
तीन हजार वर्षं, म्हणतात. पाटीवर 'अंदाजे' आहे,
आणि शाई उडाली तेव्हा तो 'अंदाजे'
दगाभाऊंनीच पुन्हा गिरवलाय,
बाकी अक्षरांपेक्षा जरा ठळक.
पोटावर काळा मासा, एका दमात ओढलेला.
शेपटीशी कुंचला घसरलाय:
कुणीतरी मागून हाक मारली असावी.

लाइट येते. पाट फिरतो.
यंत्र पट्ट्यापट्ट्यांचा उजेड टाकतं,
कुडाच्या भिंतीतून सकाळी घरात पडतो तसा.
पट्टी वाकते तिथे पोट, मोडते तिथे काठ,
एवढंच त्याला कळतं, पण ते फार बारीक कळतं.
गळ्याच्या आत मात्र उजेड पोचत नाही.
पडद्यावर तिथे भोक राहतं.
'भोक भरू का?' प्रोग्राम विचारतो,
दर वेळी तितक्याच अदबीने.
दर वेळी मी नाही म्हणते.
जे दिसलं नाही, ते नाही दिसलं.

तिसऱ्या दिवशी मी पडद्यावरचा रंग काढला.
एक कळ, आणि मासा गेला.
"मासा कथा गया?"
दगाभाऊ स्टुलावरून उठलेच.
पाटावर आहे तसाच आहे, म्हटलं, हा नुसता आकार.
त्यांनी तरी जाऊन बघितलं. चष्मा वर करून. मोजल्यासारखं.

तेवढ्यात मला ती दिसली.
माशाचा कणा होता नेमकी तिथे
केसाएवढी चीर.
तळापर्यंत पोचली नव्हती,
पण निघालेली होती.

पुण्याला फोन लावला, फाइल पाठवली.
हलवू नका, म्हणाले, खाली मऊ काही द्या,
आणि अभिनंदन, मोठा शोध आहे.

दगाभाऊंनी दार लोटून घेतलं.
"माले माहीत व्हतं."
सारंगखेड्याच्या बाजारातून त्या दिवशी माठ आणला होता,
चार माठांना टिचक्या मारून, पाचवा घेतलेला.
दुपारी इथे चिटपाखरू नव्हतं.
बोटात अजून बाजार होता.
काच सरकवली. एकच टिचकी.
"भद बोलनं ते. खनखन नही बोलनं."
मग काच पुसली, कुलूप घातलं,
आणि एकवीस वर्षं त्या कपाटाला
कुणाला टेकू दिलं नाही.
सहलीची पोरं लांबून. साहेबही लांबून.
मागच्या सालच्या तपासणीत त्यांच्या नावापुढे
'वागणूक उद्धट' असा शेरा आहे. मी वाचलाय.

"कोनले सांगू नको."

आता ते मडकं कुठेही उघडतं.
कुणीतरी परगावी, जेवता जेवता,
डाव्या हाताच्या बोटाने ते गरगर फिरवतं,
उलटं करतं, तळाशी नाक लावावं इतकं जवळ आणतं.
दगाभाऊ तिथे ओरडायला नाहीत.
त्याला टिचकी मारली तर
पडद्याची काच वाजते, बस.

नोंदीचा तक्ता भरायला घेतला.
उंची. व्यास. काठाची जाडी. रंग. स्थिती.
आवाजाला रकाना नाही.
शेवटी 'इतर' मध्ये लिहिलं:
आवाज भद. टिचकी एकदाच.
ऐकणाऱ्याचं नाव उपलब्ध नाही.
एकवीस वर्षांपूर्वी.

खांद्यामागून कुणीतरी वाचत होतं.
बराच वेळ.
मग एक बोट पडद्यावर आलं,
'एकवीस'च्या अलीकडे जरा जागा दाखवत:
"तठे अंदाजे लिख."