गॅसवर टाकली का

पेट्रोलवर मस्त चालते, भारतीताई भोंगाडे म्हणाल्या,
गॅसवर टाकली का तीन किलोमीटर, मंग मरते.
दहा मिनिटं उभी ठेवली का पुन्हा जित्ती.
काय म्हनावं बाप्पा याले?

मी काही म्हटलं नाही.
मेकॅनिकनं आधी ऐकावं,
हे मला उस्तादानं पाना हातात देण्याआधी शिकवलं होतं.
स्विच दाबला. मागं टाकीच्या व्हॉल्व्हनं टक् केलं,
पुढच्यानं टक् केलं.
म्हणजे करंट आहे, गॅस निघतो आहे.
जोडाजोडावर साबणाचा फेस लावला.
एक बुडबुडा फुगला नाही.

मग जे सगळे करतात ते मी केलं.
गॅसचा फिल्टर बदलला. एअर फिल्टर झटकला,
त्यातून अख्खं दारव्हा निघालं.
प्लगची फट नखानं मोजली,
पावरचा स्क्रू पाव आटा उघडला, पाव आटा मिटला.
अकराशे रुपये.
दुकानापुढं ओम्नी मांजरीसारखी गुरगुरत उभी.

दुसऱ्या दिवशी फोन. सकाळी पावणेसात.
मागे हॉर्न, चार मास्तरणी, अन् ताई:
सुभानभाऊ, मेली.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः बसलो.
डिसेंबर. तुरीच्या शेतांवर धुकं असं
की वखरणारा माणूस कमरेपासून वरच दिसावा.
गॅसवर टाकली. एक किलोमीटर. दोन.
ताईंचा पाय ॲक्सिलरेटरवर, माझे कान बोनेटमध्ये.
अडाणच्या पुलाअलीकडे
तिनं दोन आचके दिले
आणि उतारावर गुपचूप थांबली.

सीट उचलली.
रिड्यूसर पांढराशिप्पट.
बर्फ! या मुलखात,
जिथं मे महिन्यात पान्याला हात लावला
तर कातडी त्यालाच चिकटून राहते,
तिथं एका वीतभर डब्यावर
कोणी मीठ शिंपडावं तसा बर्फ.

गॅस फुलताना ऊब मागतो.
ती ऊब इंजिनाच्या पाण्यातून येते.
पाण्याची नळी धरली.
विहिरीच्या दोरासारखी गार.
आणि त्या गारव्याबरोबर
मे महिना माझ्या हातात आला.

अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस. हीच गाडी,
रेडिएटर उकळत होता, ताई पदरानं वारा घेत होत्या.
थर्मोस्टॅट मीच काढला होता.
आमच्याकडे सगळेच काढतात.
म्हणालो होतो, आता ही कधीच तापणार नाही, ताई.

नाही तापली.
दिलेला शब्द इतका पाळला गेलेला
मी आयुष्यात पाहिला नव्हता.

डाखोरे मॅडमनी घशासाठी आणलेलं गरम पाणी
थर्मासमधून रिड्यूसरवर ओतलं.
वाफ उठली, बर्फ घसरला,
काडीसारखा एक तुकडा माझ्या चपलेवर पडला.
मास्तरणी हसल्या. प्रार्थनेआधी पोचल्या.

काहून थांबत होती, सुभानभाऊ?
येताना ताईंनी विचारलं.
रस्ता सरळ होता, तरी मी खिडकीबाहेर पाहिलं.
जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या लागल्या होत्या.
म्हणालो, एक पार्ट नाही तिच्यात. माझ्याकडं आहे.

दुकानात खिळ्याला अडकवलेला होता,
जुन्या फॅनबेल्टच्या मागं, तारेत ओवलेला.
चहाच्या पातेल्यात टाकला.
पाणी खळखळायला आलं तसा
त्याचा मधला पितळी डोळा
सावकाश उघडला.
सात महिने खिळ्यावर, तरी शिकलेलं विसरला नव्हता.

बसवला. मजुरी घेतली नाही.
अकराशेचं मी बोललो नाही,
ताईंनीही काढलं नाही.
गाडी चालू करून, खिडकीतून मान बाहेर काढून
एवढंच विचारलं:
उन्हाया लागला का मंग पुन्हा काढसान?

मी हात पुसत राहिलो.
ग्रीस तसंही कोरड्या फडक्यानं जात नाही.